पाणी निवळण्याचे दिवस

आईच्या गाळण्याच्या फडक्यावर माती राहायची बंद झाली, की आमच्या घरात एक ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याला नाव नाही. आषाढापासून नळाला कृष्णेचं गढूळ पाणी येतं. आम्ही जैन, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. आणि आईचं गाळणं म्हणजे घागरीच्या तोंडाला बांधलेलं चांगलं दुहेरी सुती फडकं. पावसाळाभर त्यावर चहाच्या रंगाचा गाळ साचतो. दसऱ्यानंतर तो फिकट होत जातो. दिवाळी उलटते, पहाटे अंगणातली फरशी पायाला गार लागायला लागते, आणि एका सकाळी आई ते फडकं पिळून उजेडात धरते. म्हणते, "निवळलं बाई पाणी."

ती हे कुणालाच उद्देशून म्हणत नाही. पण घरात दोघं जण ते ऐकतात. एक मी, दुसरी माझी बायको सारिका. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. इथं खाली, सांगलीजवळच्या आमच्या गावात पाणी निवळलं, म्हणजे तिकडे वर, कोयनानगरच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्यातलं पाणी कधीच निवळलेलं असतं. आणि त्या पाण्यात सारिका उतरते. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते. एकटी उतरते.

यंदाही आईने फडकं उजेडात धरलं. यंदाही ती तेच म्हणाली. सारिका पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. 

सारिका आटपाडीकडची. घरी मेंढरं होती. तात्या, म्हणजे तिचे वडील, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे टँकरच्या नळीतून हंड्यात पडणारी गोष्ट होती. तळ दिसायचाच, कारण हंडा कधी भरायचाच नाही. पोहायला ती शिकली ते एमएस्सी झाल्यावर, मालवणला, एका प्रकल्पावर कामाला होती तेव्हा. पोहण्याच्या पाठोपाठ बुडी मारायला शिकली. आता इस्लामपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडे थोडी कुरबूर झाली, ती पहिल्या वर्षातच विरली. आईसमोर ती मला 'अहो' म्हणते. गाडीत बसलो, की 'तू'.

तात्यांना मी एकदा फोनवर म्हटलं होतं, "तुम्ही तरी सांगा तिला. मला भीती वाटते."

तिकडून वाऱ्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जावईबापू, आमच्यात पाणी बघाय दुसऱ्याच्या शिवारात जावं लागायचं. हिला पाण्याचं भ्याव आमी कवा शिकवलंच न्हाई. पाणीच नव्हतं, तर भ्याव कशाचं शिकवायचं?"

मी फोन ठेवला.

फुगवट्यात ती कशासाठी जाते, हे मी लोकांना सांगून सांगून थकलो आहे. धरण भरलं तेव्हा तोडायची राहिलेली झाडं तिथं अजून पाण्याखाली उभी आहेत. पानं नाहीत, साल नाही, नुसती खोडं आणि फांद्या. त्यांच्यावर गोड्या पाण्यातले स्पंज नावाचे जीव वाढतात. हिरवट, खरखरीत, झाडाला साय धरल्यासारखे दिसतात. सारिका त्यांचे फोटो काढते, नखाएवढा तुकडा बाटलीत घेऊन येते. दरवर्षी रीतसर परवानगी काढते. हे सगळं ऐकून घेतल्यावर लोक म्हणतात, "बरं. पण एकटी का?"

मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. तिथं एक शेजारी दुकानदार नेहमी म्हणायचा, "शेठ, बाई पाण्यात आणि तुम्ही काठावर. उलटंच की तुमचं." सगळे हसायचे. मीही हसायचो. उलटं-सुलटं मला काही वाटत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की मला पोहता येत नाही.

एकटी का, हे तिने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. सांगलीला आयर्विन पुलावर उभे होतो आम्ही, खाली नदी सावकाश चालली होती. ती म्हणाली, समुद्रात पहिल्या दिवशी शिकवतात, जोडीदाराशिवाय उतरायचं नाही. तिचाही एक जोडीदार होता, मुंबईचा, तिच्याच प्रकल्पावरचा. चांगला पोहणारा. एकदा खाली त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो बिथरला. सारिका जवळ गेली तर त्याने तिच्याच तोंडातली नळी उपसून घेतली आणि तिला घट्ट धरलं. माणूस बुडताना जे धरतो ते सोडत नाही. तिने त्याला तसाच धरून वर आणला. दोघंही वाचले. तो नंतर फार रडला, माफी मागितली, पुन्हा पाण्यात गेला नाही.

"त्याचे डोळे होते ना मास्कमधले," ती म्हणाली, "त्यात मी नव्हतेच. मी त्याला ओळखूच आले नाही."

त्यानंतर ती जोडीने कधी उतरली नाही. एक लहान जादा सिलिंडर बरोबर ठेवते. पहिलं बिघडलं तर त्यावर वर येता यावं म्हणून. "खाली दुसरं माणूस असलं, की माझं निम्मं लक्ष त्याच्यावर आणि त्याचं निम्मं माझ्यावर," असं तिचं म्हणणं. "मग पाण्यावर लक्ष कुणाचं?"

मराठीत नवऱ्यालाही जोडीदारच म्हणतात. पुलावर उभं असताना हे माझ्या मनात आलं होतं. 

लग्नानंतर मी काठावरचा जोडीदार झालो. हळदीचा हंगाम संक्रांतीनंतर. त्यामुळे दिवाळीपासून तोवरचे माझे रविवार मोकळे. पहाटे निघायचं, कराड सोडलं की धुकं, पाटणच्या पुढे वळणांचा रस्ता, गाडीच्या मागच्या भागात सिलिंडर एकमेकांवर हलकेच आपटण्याचा आवाज. मग उतारावरून खाली चालत जायचं. वाळत चाललेल्या गवताचा वास, जांभ्या दगडावर चढलेलं ऊन, आणि समोर ते पाणी. इतकं निवळ, की काठाजवळच्या तळातले दगड उचलून घेता येतील असं वाटावं. पण दहाएक हात पुढे तळ एकदम खाली जायचा आणि पाणी हिरवं व्हायचं, मग काळं.

सारिका आवरायची तेव्हा फारशी बोलायची नाही. काळा सूट चढवायची, पट्टे ओढून बघायची, पोटरीला सुरी बांधायची. मग माझ्याकडे बघून हाताचा अंगठा आणि बोट जुळवून सगळं ठीक असल्याची खूण करायची, आणि मागे मागे चालत पाण्यात जायची. गुडघे, कंबर, खांदे. मग डोकं. पाणी तिच्यावर मिटायचं, आणि तिथं कुणी होतं याची खूण म्हणून बुडबुडे वर येत राहायचे.

ते बुडबुडे म्हणजे माझी बायको, असं मी धरून चालायचो. काठावरच्या कुठल्याही दुसऱ्या गोष्टीकडे मी बघत नसे.

पहिल्या वर्षी मला ते जमेना. वाऱ्याने पाण्यावर सुरकुती आली, की बुडबुडे दिसेनासे व्हायचे आणि मी काठावर येरझाऱ्या घालायचो. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक मार्ग काढला. एक केशरी बोया आणला, पाण्यावर तरंगणारा, डोक्याएवढा. त्याची दोरी तिच्या हातातल्या रिळाला. ती खाली जिथं जाईल तिथं बोया वर हळूहळू सरकायचा. सारिकाला दोरी आवडत नव्हती, झाडांच्या फांद्यांत अडकेल म्हणायची. पण माझा चेहरा बघून तिनेच ती मान्य केली. बोया सरकायला लागला आणि मला बसता यायला लागलं. डब्यातली भाकरीही खाता यायला लागली.

तिथं भिकूआबा असायचे. काठावरच्या वस्तीतले, साठी ओलांडलेले, मासे धरायचे. त्यांची पत्र्याची लहान नाव काठाला बांधलेली असायची आणि ते शेजारी जाळं उसवत, विणत बसायचे. सारिकाबद्दल त्यांना कौतुक होतं, पण काळजीही होती. एकदा म्हणाले, "शेठ, आमी जलमभर ह्या पाण्यावर हाय. पर वरनंच. खाली काय हाय ते बघाय आमचा कुणी गेला न्हाई. जो गेला तो सांगाय आला न्हाई."

मी म्हटलं, "आबा, असं नका हो बोलू."

"न्हाई बोलत," असं म्हणून ते पुन्हा जाळ्याला लागले.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. रविवार होता, ऊन चांगलं वर आलं होतं. वारा अजिबात नव्हता. समोरचा डोंगर पाण्यात उलटा उभा होता आणि त्याची एक रेघसुद्धा हलत नव्हती. सारिका उतरून थोडाच वेळ झाला होता. बोया काठापासून बऱ्याच आत, बुडालेल्या झाडांच्या बाजूला थांबला होता. म्हणजे तिला स्पंज सापडला असणार, ती फोटो काढत असणार. मी भाकरीचा तुकडा मोडला.

आधी आवाज आला. कुठून आला ते कळलं नाही. पायाखालून आला असं नंतर वाटलं. लांब कुठेतरी ट्रकमधून दगड ओतावेत तसा. मग मी बसलो होतो तो जांभ्याचा दगड एकदा खालून ढकलल्यासारखा हलला. डबा कलंडला. वरच्या वस्तीत कुत्री भुंकायला लागली. आणि ते सपाट पाणी काठापासून काठापर्यंत एकदम शहारलं, बैलाच्या अंगावर माशी बसल्यावर कातडी थरथरते तसं. समोरचा उलटा डोंगर फुटून गेला.

मी उभा राहिलो होतो. भिकूआबा बसूनच होते.

"बसा, बसा," ते म्हणाले. "हे हितलं नेहमीचंच हाय. बारकं हुतं. ह्यानं कौलं बी सरकायची न्हाईत."

"आबा, ती खाली आहे."

"पाण्याला काय कळत न्हाई वो. वरच्या वर जातंय ते."

ते मनापासून बोलत होते. त्यांचा त्यावर विश्वास होता. मलाही तो ठेवायचा होता. पण तेवढ्यात समोर बुडबुडे दिसले. बोयाच्या जवळ. मग त्याच्या डावीकडे. मग उजवीकडे, काठाशी, पार पलीकडे. तळाच्या गाळात वर्षानुवर्षं अडकून राहिलेली हवा धक्क्याने सुटली होती आणि सगळं पाणी आधणासारखं बुडबुडत होतं. त्यातले तिचे कुठले, ते मला सांगता येईना.

आणि बुडबुड्यांच्या मागून रंग आला. खालून तांबूस, मग तपकिरी. उताराची माती आत कुठेतरी घसरली असणार. निवळलेलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत आषाढातलं झालं.

भिकूआबा आता उभे होते. त्यांच्या हातातलं जाळं खाली पडलं होतं. एवढंच म्हणाले, "हे कवा बघितलं न्हवतं."

बोया हलला. मला हायसं वाटलं, ती निघाली असं वाटलं. बोया सरकला, थांबला, पुन्हा सरकला. पण तो सरळ रेषेत येत नव्हता. लाटेबरोबर मागे-पुढे होत, गोल फिरत, रिकाम्या डब्यासारखा काठाकडे येत होता. भिकूआबांनी नाव सोडली, मी आत बसलो. नावेत बसण्याची मला नेहमी भीती वाटते. त्या वेळी वाटली नाही. बोयाजवळ पोचलो. मी दोरी धरून ओढली. ती हलकी होती. ओढत गेलो तशी हातावरून येत राहिली, ओली, चिखलाने माखलेली, आणि शेवटी तिचं टोक हातात आलं. तुटलेलं नव्हतं. सुरीने कापलेलं होतं, स्वच्छ.

आम्ही दोघं त्या टोकाकडे बघत राहिलो.

त्यानंतर किती वेळ गेला, मी सांगू शकत नाही. तिच्या सिलिंडरमध्ये किती हवा असते ते मला माहीत होतं आणि मी घड्याळाकडे मुद्दाम बघितलं नाही. भिकूआबा नाव गोल फिरवत होते आणि मोठ्याने हाका मारत होते, "म्याडम, ओ म्याडम," जणू ती शेजारच्या शेतात होती. मी हाक मारली नाही. माझं सगळं लक्ष कानांत होतं. आणि त्या वेळी माझ्या मनात जे आलं, ते असं होतं: आईला काय सांगायचं. सारिकाचा विचार नाही, आईला काय सांगायचं. माणसाचं मन किती पुढे पळतं, हे मला तिथं कळलं.

शिट्टी ऐकू आली. मागून. काठाची एक सोंड पाण्यात शिरली आहे, तिच्या पलीकडून. आम्ही वळसा घालून गेलो. सारिका कमरेएवढ्या पाण्यात, एका खडकाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ओठ निळे पडले होते. मास्क कपाळावर. आम्हाला बघून तिने शिट्टी तोंडातून काढली, वाकली आणि ओकली. मग म्हणाली, "कॅमेरा खालीच राहिला."

परत येताना पाटणला तिने गाडी थांबवायला लावली आणि उसाचा रस मागितला. ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला.  रस प्यायल्यावर बोलली, रस्त्याकडे बघत.

तिने आवाज ऐकला तेव्हा ती एका खोडाला एका हाताने धरून होती. खोड तिच्या हातात थरथरलं. मग अंधार झाला. रात्रीचा असतो तसा नव्हे. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसणार नाही, असा, आणि दाट. वर जायचं म्हणून तिने पाय मारले तर कुणीतरी मागून धरलं. दोरी होती ती. फांदीला वेढा घालून तिच्या सिलिंडरच्या तोट्यांत गुंतली होती. मागे हात पुरेना. तिने चाचपडत पोटरीची सुरी काढली आणि जिथं ताण लागत होता तिथं कापलं. सुटली. पण तोवर गोल फिरली होती. वर कुठे, खाली कुठे, ते राहिलं नव्हतं. तिने तोंडाजवळ तळहात धरला आणि आपलेच बुडबुडे कुठल्या बाजूला जातात ते चाचपलं. ते जात होते तिकडे ती गेली. वाटेत मोठ्या सिलिंडरमधली हवा संपत आली, ओढायला जड जायला लागली, तेव्हा लहानावर आली, आणि वर निघाली ती सोंडेच्या पलीकडे.

"दोरी," मी म्हटलं.

"दोरीचं नको बोलू," ती म्हणाली. "दोरी आपण दोघांनी आणली होती."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आई सूर्यास्तानंतर जेवत नाही. टीव्हीवर खाली पट्टी आली होती, कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का. आमचे फोन तिथं लागत नाहीत. आईने ताट वाढून घेतलं होतं आणि तसंच झाकून ठेवलं होतं. आम्ही येण्याआधी सूर्य मावळला म्हणून त्या रात्री ती उपाशीच राहिली. आम्ही दारात आलो तशी तिने सारिकाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बोटांना लागलेली माती बघितली.

पुढे आठवडाभराने असेल. अंगणातल्या नळाखाली सारिका सूट धूत होती. त्यातून अजून तांबूस पाणी निघत होतं. मी पायरीवर बसलो होतो. जे विचारू नये असं वाटत होतं, ते मी विचारलं.

"खाली, तेव्हा, मी आठवलो का तुला?"

तिने सूट पिळला. बराच वेळ पिळला.

"खरं सांगू? नाही."

तिने सूट पुन्हा नळाखाली धरला.

"कुणीच आठवलं नाही," ती म्हणाली. "तात्याही नाहीत. तू आठवला असतास तर मी घाबरले असते, शीतल. घाबरले असते तर वर आले नसते."

शीतल हे आमच्या भागात, आमच्या समाजात पुरुषाचं नाव असतं. ती एरवी मला नावाने हाक मारत नाही.

तिचं म्हणणं मला पटलं. अजूनही पटतं. पण पटलं म्हणून ते बोचायचं थांबत नाही. मी काठावर बसून जगातलं दुसरं काही बघत नव्हतो, आणि खाली, जिथं सगळं काळं झालं होतं, तिथं मी नव्हतोच. तिने त्या मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांबद्दल सांगितलेलं मला तेव्हा आठवलं, आणि मी ते लगेच मनातून काढून टाकलं.

"आता नको जाऊस," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरं."

वाद नाही, रुसवा नाही. मी वादाची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली. संक्रांत झाली, हळदीचा हंगाम आला, यार्डात पिवळी धूळ उडायला लागली, माझे रविवार भरले. सारिका कॉलेजला जात होती, पेपर तपासत होती, आईबरोबर देवळात जात होती, हसतही होती. काही विचारलं की "बरं" म्हणायची. भाजी कुठली करू, बरं. आटपाडीला जाऊया का, बरं. उन्हाळ्यात तात्यांकडे गेलो तेव्हा ती त्यांच्या कोरड्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि हाक मारेपर्यंत आत बघत राहिली. तात्या मला म्हणाले, "लेकीला काय झालंय?" मी म्हटलं, "कुठं काय." ते माझ्याकडे बघत राहिले. मेंढरातलं एखादं चरल्यासारखं करतं पण खात नसतं, ते त्यांना लांबूनही कळतं.

मला हवं होतं ते मिळालं होतं. ती रोज संध्याकाळी घरी असायची, कोरडी, सुखरूप. आणि जेवताना समोर बसलेल्या तिच्याकडे बघताना मला कधी कधी वाटायचं, की ती अजून वर आलेलीच नाही.

तर यंदा आईने फडकं उजेडात धरलं. निवळलं बाई पाणी. सारिका पोळ्या करून कॉलेजला गेली. मी यार्डात निघालो होतो, तर आई म्हणाली, "शीतल, बस जरा."

मी बसलो.

"हे पर्वाचे दहाही दिवस नुसत्या पाण्यावर असायचे, आठवतंय का तुला?"

हे म्हणजे माझे वडील, अण्णा. दरवर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्वात ते उपवास करायचे. सगळे दहा दिवस. भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायचे. आम्ही मुलं त्या खोलीतून दबक्या पावलांनी जायचो.

"मला भ्या वाटायचं," आई म्हणाली. "हात लावून बघायची मी. अंग गार तर पडलं नाही. डोळे उघडायचे, माझ्याकडं बघायचे, पण लांबनं कुठनं तरी बघितल्यासारखं. तेवढे दिवस ते माझे नसायचेच. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं असतं तर थांबले असते हे."

अण्णांनी त्या वर्षी पारणं केलं, चार घास खाल्ले, सगळ्यांना आशीर्वाद दिले. पण ते परत सावरले नाहीत. दिवाळी त्यांनी बघितली नाही.

"मग का म्हणाली नाहीस?" मी विचारलं. हा प्रश्न घरात कुणी कधी विचारला नव्हता.

"थांबले असते," ती म्हणाली, "आणि मग माझ्याकडं बघितलं नसतं."

ती फडकं वाळत घालायला लागली. "बरोबर केलं का चूक, ते मला अजून कळंना झालंय. तुला सांगायला मला काय येत न्हाई. पण पोरगी नुसती बरं म्हणती घरात. ते ऐकवत न्हाई." एवढं बोलून ती दूध तापवायला आत गेली.

संध्याकाळी सारिका आली, पर्स खुंटीला अडकवली. मी म्हटलं, "रविवारी जायचं?"

कुठे, असं तिने विचारलं नाही. म्हणाली, "तुला जमेल?"

"नाही जमणार. जाऊया."

"दोरी नको पण."

"नको."

गेल्या रविवारी गेलो. भिकूआबा काठावर नव्हते. त्यांची नाव उलटी घालून ठेवली होती. वस्तीतल्या एका बाईने सांगितलं, ते लेकीकडे गेलेत. वारा होता. पाण्यावर बारीक सुरकुती होती, त्यामुळे वर आलेला बुडबुडा ओळखू येण्यासारखा नव्हता. सारिकाने सूट चढवला, पट्टे ओढले, सुरी बांधली. तिचे हात मला थोडे सावकाश वाटले. हाताने खूण केली. मीही केली. मग मागे मागे चालत गेली. गुडघे, कंबर, खांदे.

ती आत गेल्यावर मला कुठे बघायचं तेच कळेना. बोया नव्हता, बुडबुडे नव्हते, सगळं पाणी सारखंच होतं. म्हणून मी सगळ्या पाण्याकडे बघायला लागलो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. डबा उघडला नाही. ऊन सरकलं. एक ढग आला, त्याची सावली पाण्यावरून गेली आणि ती गेली तिथं तिथं पाणी काळं होत गेलं. पायाखालचा दगड हलतोय का, म्हणून मी तळहात टेकवून बसलो. मग लक्षात आलं, की थरथरतोय तो हातच.

"शीतल."

आवाज मागून आला. मी वळलो. सारिका वरच्या उतारावर गवतात उभी होती. सिलिंडर उतरवलेलं, मास्क हातात, केसांतून पाणी गळत होतं. सोंडेच्या पलीकडून वर येऊन ती चालत आली होती.

"कधी आलीस वर?"

"बराच वेळ झाला."

"मग हाक नाही मारलीस?"

"तुला बघत होते," असं म्हणत ती खाली आली. माझ्या दगडावर टेकवलेल्या हाताकडे बघितलं, न उघडलेल्या डब्याकडे बघितलं. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येत नाही. मी तो तसा पूर्वी बघितला नव्हता.

"असा बसतोस तू?" ती म्हणाली.

"हो."

ती माझ्या शेजारी बसली, ओली, खांद्याला खांदा लावून. वारा वाढला होता. आम्ही दोघंही त्या पाण्याकडे बघत राहिलो, अजून कुणीतरी वर यायचं राहिलं असल्यासारखे.